टाकाऊ आणि टिकाऊ

भाषेंतील कांहीं शब्द असे असतात कीं, ते वस्तूचें वर्णन करीत आहेत असें आपणांस वाटतें. वस्तुतः ते निवाडा देत असतात. ‘तण’ हा असा एक शब्द आहे. वनस्पतिशास्त्राचा कोणताहि ग्रंथ उघडला तरी त्यांत ‘तण’ नांवाचें कुल किंवा जाति सांपडावयाची नाहीं. शेतकऱ्यानें जें पेरलें नाहीं आणि जें त्याला नको आहे तें तण, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. ‘टाकाऊ’ हा शब्द त्याच जातकुळीचा. एखादी वस्तु तांबडी आहे, जड आहे किंवा कडू आहे असें आपण म्हणतों, तेव्हां तिच्या अंगच्या गुणाविषयीं बोलत असतों. ती टाकाऊ आहे असें म्हणतों, तेव्हां मात्र तिच्याविषयीं फारसें कांहीं न सांगतां स्वतःविषयींच सांगत असतों. आपलें तिच्याशीं असलेलें काम संपलें, एवढेंच तें निवेदन असतें. दुसऱ्या कोणाचें तिच्याशीं कांहीं काम आहे कीं काय, ही चौकशी त्या शब्दानें आधींच बंद केलेली असते.

ही चौकशी पुन्हा उघडावी असें वाटण्याचें कारण एका अगदीं व्यावहारिक विषयांत आहे. शेतांतील काडीकचऱ्याचा लगदा करून त्यापासून कागद काढावा, हा विचार आपल्या प्रांतांत जुना आहे, आणि अलीकडे तो पुन्हा नव्या उत्साहानें मांडला जात आहे. जंगलें वांचतील, शेतकऱ्याच्या पदरीं चार पैसे पडतील, आणि जें बांधावर उगाच जळून जातें त्यावर उद्यांचीं पाठ्यपुस्तकें छापलीं जातील, असें या विचाराचें थोडक्यांत समर्थन आहे. ‘टाकाऊंतून टिकाऊ’ हे शब्द तर शाळेंतल्या हस्तकौशल्याच्या तासापासून आपल्या परिचयाचे आहेत. हें समर्थन खोटें आहे असें माझें म्हणणें नाहीं. माझा प्रश्न त्याच्या एक पायरी अलीकडचा आहे. टाकाऊ वस्तूचा उपयोग करणें हें आपोआप सत्कृत्य ठरतें काय? कीं तें सत्कृत्य ठरण्यासाठीं आणखी कांहीं अटी पाळाव्या लागतात?

प्रथम एवढें कबूल केलें पाहिजे कीं, कागद ही वस्तु जन्मतःच टाकाऊची लेक आहे. इ. स. १०५ मध्यें चीनच्या दरबारांतील त्साई लुन नांवाच्या अधिकाऱ्यानें कागद करण्याची रीत बादशहाला निवेदन केली असें परंपरा सांगते. त्यासाठीं त्यानें घेतलेले पदार्थ म्हणजे झाडांची साल, चिंध्या आणि मासे धरण्याचीं जुनीं जाळीं. आपल्याकडे दौलताबादेजवळचें कागजीपुरा किंवा जुन्नर येथील कागदी लोक चिंध्या, जुनें गोणपाट, झिजलेलीं दोरखंडें यांचाच लगदा करीत. आपल्या रुमालांत बांधून ठेवलेलीं जुनीं दप्तरें अशाच हातकागदावर लिहिलेलीं आहेत. राज्यांचे तह, जमिनींचे निवाडे, संतांच्या पोथ्या आणि सावकारांचीं खतें ज्यावर लिहिलीं गेलीं, तें एके काळीं कोणाच्या तरी अंगावरचें फाटकें वस्त्र होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ‘टाकाऊ’ या शब्दाचा अधिकार किती थोडा आहे हें कळून येतें.

त्याहूनहि जवळचें उदाहरण आपल्याच घरांतलें आहे. मागच्या पिढ्यांच्या मराठी घरांत लुगडें जुनें झालें म्हणजे तें टाकण्याचा प्रश्नच नसे. त्याची गोधडी शिवली जाई. बाळंतघरांत त्याचीं मऊ दुपटीं होत. गोधडी विरली म्हणजे तिचे तुकडे हातपुसणीं होत. आणि सर्वांच्या शेवटीं चुलीजवळ पोतेरें. प्रत्येक टप्प्यावर वस्त्राची प्रतिष्ठा कमी होई, पण त्याचें काम संपत नसे. आजीच्या मनांत यामागें कोणतेंहि अर्थशास्त्र नव्हतें. वस्तूला शेवटपर्यंत सोबत करावी, एवढाच तिचा शिरस्ता होता. चिंधी कागद्याच्या हौदांत जाऊन पडे, तेव्हां ती या लांब प्रवासाच्या शेवटच्या मुक्कामाला पोंचलेली असे. म्हणजे तिच्यावरचे बाकी सर्वांचे हक्क पुरे होऊन गेल्यावर कागदाचा हक्क सुरू होई. हा क्रम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. कारण पुढील सर्व विवेचनाचें मर्म त्या क्रमांत आहे.

छापखाने वाढले आणि हा क्रम अपुरा पडूं लागला. अठराव्या शतकांत युरोपांत चिंध्यांचें दुर्भिक्ष पडलें. जर्मनींतील रेगेन्सबुर्ग येथें शेफर नांवाच्या पाद्र्यानें १७६५ पासून पुढें कांहीं वर्षें नाना पदार्थांपासून कागद करून पाहिला. गांधीलमाश्यांचीं पोळीं, गवत, काड, झाडांच्या साली, कांहीं म्हणून त्यानें सोडलें नाहीं. १८०० सालीं लंडनमध्यें मथायस कूप्स यानें गव्हाच्या काडासारख्या पदार्थांपासून केलेल्या कागदावर एक पुस्तक छापून तें राजाला अर्पण केलें आणि मोठा कारखाना उभारला. तो कारखाना थोड्याच वर्षांत बुडाला. पुढें १८४० च्या दशकांत लाकूड दळून लगदा करण्याची युक्ति निघाली, आणि कागदाचें चिंध्यांशीं असलेलें जुनें नातें तुटलें. तेव्हांपासून कागद टाकाऊची लेक राहिला नाहीं. त्याच्यासाठीं उभीं झाडें पडूं लागलीं. तेव्हां आज कोणी कागदाला पुन्हा शेतांतल्या काडीकडे नेऊं म्हणतो, तो कांहीं विलक्षण नवें बोलत नाहीं. तो त्याला माहेरीं नेऊं पाहतो.

हा प्रयत्न आपल्याकडे ज्या ठिकाणीं विचारपूर्वक झाला, तें ठिकाण वर्धा होय. १९३४ च्या डिसेंबरांत अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनीं वर्ध्यांतील आपली बाग व घर संघाच्या स्वाधीन केलें, आणि मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेस मगनवाडी हें नांव मिळालें. सेगांवीं, म्हणजे आजच्या सेवाग्रामीं, राहावयास जाण्यापूर्वीं गांधीजींचा मुक्काम येथेंच होता. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा हे लंडनांत हिशेबतपासनीसाचें शिक्षण घेतलेले आणि अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत अर्थशास्त्र शिकलेले गृहस्थ. आंकड्यांच्या जगांत मुरलेल्या या माणसानें तेलघाणी, मधमाशा, हातसडीचा तांदूळ आणि हातकागद यांचा हिशेब मांडावयास घेतला. के. बी. जोशी यांचें कागद करण्यावरील पुस्तक संघानेंच मगनवाडींतून काढलें. जोशी यांनींच पुढें १९४० सालीं पुण्यास हातकागदाची संस्था उभी केली. ३० डिसेंबर १९३८ रोजीं गांधीजींच्या हस्तें उघडलेलें मगन संग्रहालय आजहि वर्ध्यांत आहे, आणि मगनवाडीच्या आवारांत आज ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्था काम करीत आहे.

काडीचा कागद होतो कसा, हें थोडें सांगितल्यावांचून पुढचा नैतिक प्रश्न नीट मांडतां येणार नाहीं. वनस्पतीच्या देहांत दोन द्रव्यें मुख्य असतात. एक सेल्युलोज, हा धागा. दुसरें लिग्निन, ही त्या धाग्यांना एकमेकांशीं जखडून ठेवणारी खळ. कागदाला धागा पाहिजे, खळ नको. म्हणून काडी बारीक तोडावयाची, चुन्याच्या किंवा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यांत उकळावयाची, खळ विरघळली म्हणजे उरलेला धागा पुष्कळ पाण्यानें धुवावयाचा, ढेंकीखालीं किंवा यंत्रांत कुटून त्याचा मऊ लगदा करावयाचा, आणि तो हौदांतल्या पाण्यांत कालवून साच्यावर उचलावयाचा. साचा पाण्यांतून वर येतांना पाणी खालीं गळतें आणि धाग्यांचा एक पातळ पदर जाळीवर राहतो. तो कापडावर पालथा घालून, दाबून, वाळवून, खळ देऊन घोटला म्हणजे लिहिण्याजोगा कागद होतो. कापसाच्या झाडाची गम्मत अशी कीं, या विद्येचीं दोन्हीं टोकें त्या एकाच झाडांत सांपडतात. बोंडांतला कापूस हा जवळ जवळ शुद्ध सेल्युलोज. त्याच्या चिंधीपासून होणारा कागद सर्वांत उत्तम. आणि त्याच झाडाची काडी, जिला वऱ्हाड-वर्ध्याकडे पऱ्हाटी म्हणतात, ती लाकडासारखी कठीण. तिच्यांत लिग्निन सुमारें चौथाई. सालींतला धागा लांब, गाभ्यांतला आंखूड. तिचा लगदा होतो, पण तो सुखासुखीं होत नाहीं. मुंबईस माटुंग्याला १९२४ सालीं निघालेल्या कापूस-संशोधनाच्या संस्थेनें या काडीच्या उपयोगांवर काम केलेलें आहे, आणि तिच्या भुग्याच्या दाबून केलेल्या फळ्याहि निघाल्या आहेत. तेव्हां होईल कीं नाहीं, हा प्रश्न आतां राहिलेला नाहीं. करावें कीं नाहीं, आणि कोणत्या अटींवर, हाच प्रश्न आहे.

वर्धा जिल्ह्यांत माघ-फाल्गुनाच्या सुमारास कापसाची शेवटची वेचणी उरकते, तेव्हां काळ्या रानांत उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या शहरांतून आलेल्या पाहुण्याला निव्वळ काटक्या दिसतात. ‘हें सर्व फुकट जातें?’ असें तो विचारतो. या ‘फुकट’ शब्दाची आपण थोडी तपासणी करूं. उपटलेली पऱ्हाटी मोळ्या बांधून घराकडे येते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत चुलींत जळते. ज्याला रान नाहीं अशा मजुराच्या घरीं ती मालकाच्या परवानगीनें येते. पुष्कळ ठिकाणीं शेत मोकळें करून देण्याची मजुरी हीच मोळी असते. तिचा आणि तुरीच्या काड्यांचा, म्हणजे तुराट्यांचा, कूड होतो. त्यावर शेणमातीचा लेप दिला कीं तीच गरिबाच्या घराची भिंत. ज्वारीचा कडबा तर उघड उघड बैलाचें अन्न. तूर, हरभरा, सोयाबीन यांचें कुटार तें दुभत्या जनावरांचें. जें उरतें तें जमिनींत कुजतें आणि जमिनीला परत मिळतें. मग फुकट तें काय गेलें? ज्या वस्तूची किंमत बाजारांत लिहिली जात नाहीं, ती पाहुण्याच्या हिशेबांत शून्य ठरली; पण शून्य हें त्याच्या वहींतलें होतें, रानांतलें नव्हतें.

कुमारप्पांनीं आपल्या ‘स्थायी अर्थव्यवस्था’ या अर्थाच्या, १९४५ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथांत मनुष्याच्या व्यवहारांचे पांच प्रकार पाडले आहेत. दुसऱ्याचा जीव घेऊन जगणारा तो परोपजीवी. दुसऱ्याच्या श्रमाचें फळ, कांहीं न देतां, उचलणारा तो लुटारू. स्वतःच्या श्रमानें आपलें घरटें बांधणारा तो उद्यमी. मधमाशीप्रमाणें आपल्या समूहासाठीं राबणारा तो चौथा. आणि मोबदल्याचा विचार न करतां पिलाला भरविणाऱ्या पक्षिणीसारखा तो पांचवा, सेवाधर्मी. या वर्गीकरणांत मला महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, यांत वस्तूला कोठेंच स्थान नाहीं. लगदा पऱ्हाटीचा असो, बांबूचा असो वा चिंध्यांचा असो, त्यावरून व्यवहार कोणत्या पायरीचा हें ठरत नाहीं. तीच पऱ्हाटी एका हातांत लुटीची वस्तु होईल, दुसऱ्या हातांत उद्यमाची. ती उचलतांना कोणाचें काय गेलें आणि त्याला काय मिळालें, यावर सर्व अवलंबून आहे.

तेव्हां काडीवर कोणाकोणाचें ऋण आहे तें पाहूं. पहिला धनको जमीन. पीक जमिनींतून जें घेतें, त्यांतलें धान्य व कापूस तर आपण नेतोंच. काडीहि नेली तर जमिनीला द्यावयास उरतें काय? कापसाची काळी जमीन मोठी उदार म्हणून प्रसिद्ध आहे. पण औदार्याचा फायदा घेणें आणि औदार्य संपविणें यांत फरक आहे. असें असलें तरी या पक्षाचाहि आंधळेपणानें पुरस्कार करतां येत नाहीं. २०१७ च्या हंगामांत विदर्भांत गुलाबी बोंडअळीनें कापसाचा मोठा नाश केला. हंगाम संपल्यावरहि रानांत उभ्या राहिलेल्या पऱ्हाटींत आणि बांधावर रचलेल्या गंजींत ही अळी दडी मारून बसते. म्हणून फरदड घेऊं नये आणि पऱ्हाट्या वेळींच उपटून त्यांची विल्हेवाट लावावी, असें कृषिशास्त्रज्ञ सांगत आले आहेत. म्हणजे काडी रानांतून बाहेर नेणें हाच कधीं कधीं रानाचा उपकार ठरतो. निसर्गांत एकच नियम सर्वकाळ लावतां येत नाहीं, विवेक करावा लागतो. ज्याला काडी न्यावयाची आहे त्यानें शेणखत, पाला, हिरवळीचें खत, कोणत्या तरी रूपानें जमिनीची भरपाई केली पाहिजे, एवढें मात्र कोणत्याहि ऋतूंत खरें.

दुसरा धनको तो, जो आजपर्यंत त्या काडीवर निर्वाह करीत आला. त्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. समजा, उद्यां कारखान्यानें पऱ्हाटीला भाव दिला. शेतकऱ्याला पैसे मिळाले. ही न्याय्यच गोष्ट झाली. पण त्याच क्षणीं मजूर बाईची मोळी बंद झाली. ज्या वस्तूला किंमत नव्हती ती तिला मिळत होती. किंमत आल्याबरोबर ती तिची राहिली नाहीं. येथें कोणी चोरी केलेली नाहीं, कायदा मोडलेला नाहीं. तरी तिची चूल विझली. हा अनुभव खेड्यापुरताच नाहीं. पुण्यास कचरा वेचणाऱ्या बायांनीं व पुरुषांनीं १९९३ सालीं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन केली, तिच्यामागेंहि हाच प्रश्न होता. रस्त्यावरच्या ज्या रद्दींतून त्यांचें पोट चालत होतें, त्या रद्दीची किंमत प्रतिष्ठितांच्या ध्यानांत आली म्हणजे पूर्वींच्या वेचणाऱ्यांचें स्थान काय? आम्हीं जें इतकीं वर्षें वेचलें त्यावर आमचा कांहीं अधिकार आहे, आणि हें काम आहे, भीक नव्हे, असें त्यांनीं सांगितलें. ‘टाकाऊचें सोनें होतें’ असें आपण कौतुकानें म्हणतों. पण सोनें झाल्यावर तें कोणाच्या तिजोरींत गेलें, हें विचारण्याची आपणांस संवय नाहीं.

यावर कोणी म्हणेल, तर मग काडी गरिबांसाठीं राहूं द्यावी. जें उरेल तें त्यांचें, ही आपली जुनी चाल चांगलीच होती. कापणीनंतर रानांत राहिलेलीं कणसें गोरगरिबांनीं वेचावीं, त्याला सरवा म्हणत. खळ्याच्या तळाशीं मातींत मिसळलेलें धान्य, मातेरें, गांवाच्या उतरंडींत सर्वांत खालीं बसविलेल्यांच्या वांट्याला जाई. यांत दयाबुद्धि होती असें आपण अभिमानानें सांगतों. परंतु या दयेची दुसरी बाजू ज्यांना भोगावी लागली त्यांनीं ती आपणांस स्पष्ट शब्दांत सांगितलेली आहे. १९२७ च्या मार्चांत महाडच्या परिषदेंत डॉ. आंबेडकरांनीं आपल्या बांधवांना उष्ट्या-शिळ्या तुकड्यांवरचें जिणें सोडण्यास सांगितलें, आणि १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत वतनाच्या पद्धतींत बदल करण्याचें बिल आणलें. त्यांचा रोख असा होता कीं, गांवाचें उरलेंसुरलें ज्याच्या पदरांत पडतें, त्याला गांव स्वतःच्या उरल्यासुरल्यांत जमा करतें. मराठी भाषेनें तर हें कधींच नोंदवून ठेवलें आहे. एखाद्या चांगल्या गोष्टीची नासाडी झाली म्हणजे आपण ‘मातेरें झालें’ असें म्हणतों, आणि तेंच मातेरें आपण दुसऱ्याचें अन्न म्हणून नेमून दिलें होतें. वस्तूला टाकाऊ म्हणण्यांत धोका आहे तो हाच. हा शब्द वस्तूवर थांबत नाहीं. ती वस्तु ज्याच्या हातीं जाते त्याला तो चिकटतो. चिंधी वेचणारा, मेलेलें ढोर ओढणारा, गांवचा केर काढणारा, यांच्या कपाळीं आपण काय लिहिलें हें सांगण्याची जरुरी नाहीं.

म्हणून ‘उरेल तें गरिबाला’ हें उत्तर नव्हे, आणि ‘उरेल तें कारखान्याला’ हेंहि नव्हे. उत्तर असलेंच तर तें या दोहोंच्या पलीकडे आहे. काडीला जर किंमत येणार असेल, तर ज्यानें ती आजवर वेचली, वाहिली, जाळली, त्याला त्या किमतींत हक्कानें भाग पाहिजे. मोळीच्या ऐवजीं दुसरें सरपण पाहिजे, आणि लगद्याच्या हौदापाशीं काम पाहिजे, तेंहि नीट मजुरीचें. मगनवाडीच्या विचारांतला जो भाग मला अजूनहि ताजा वाटतो तो हा. काडी गांवांतून बाहेर न्यावयाची नाहीं, तर कागद गांवांतून बाहेर पाठवावयाचा, असें त्या मंडळींचें म्हणणें होतें. काडी बाहेर गेली म्हणजे गांव कच्च्या मालाचें कोठार होतें. कागद बाहेर गेला म्हणजे गांव कारागिरांचें होतें. दोन्हीं प्रसंगीं काडी तीच, पण तिच्याबरोबर गांवांतून जी माणसाची किंमत जाते किंवा येते ती निराळी.

तिसरा धनको पाणी. वर सांगितलें कीं, सोड्यानें खळ विरघळते आणि धागा सुटा होतो. ती विरघळलेली खळ जाते कोठें? तिच्यामुळें उकळीचें पाणी काळें होतें. त्या पाण्यांतील सोडा परत मिळविण्याची यंत्रसामग्री महाग आहे. मोठ्या गिरण्यांना ती परवडते, लहानांना परवडत नाहीं. शिवाय भाताच्या व गव्हाच्या काडांत वाळूचें तत्त्व, सिलिका, असतें, तें त्या यंत्रांत अडथळा आणतें. १९७० च्या दशकांत आपल्या देशांत कागदाची टंचाई झाली, तेव्हां सरकारनें काडावर चालणाऱ्या लहान गिरण्यांना उत्तेजन दिलें. हेतु अत्यंत चांगला. पण पुष्कळ गिरण्यांनीं तें काळें पाणी जवळच्या नाल्यांत सोडलें, आणि पुढें प्रदूषणाच्या कायद्यापुढें त्यांतल्या अनेक बंद पडल्या. जंगल वांचविण्यासाठीं निघालेली गोष्ट नदीच्या जिवावर उठली. यावरून काडीचा कागद वाईट असें ठरत नाहीं; पण चांगल्या हेतूनें केलेल्या कामाचा मळ कोणाच्या तरी अंगणांतून वाहत जातो, आणि ज्याच्या अंगणांतून तो वाहतो त्याला त्या हेतूचें कौतुक वाटत नाहीं, एवढें ठरतें. चुन्याच्या सौम्य पाण्यांत काडी भिजत घालून सावकाश काम करणारा कारागीर पाण्याचा अपराध कमी करतो. मात्र त्याचा वेळ जातो आणि कागदाची किंमत वाढते.

येथें आपण अखेर त्या आक्षेपापाशीं येतों, जो कोणत्याहि समंजस वाचकाच्या मनांत केव्हांच येऊन गेला असेल. एवढ्या सर्व अटी पाळून केलेला कागद महाग पडेल, थोडा निघेल, आणि कोट्यवधि मुलांच्या वह्या-पुस्तकांना तो कसा पुरणार? हा आक्षेप मी हलका समजत नाहीं. गरिबाच्या मुलाला स्वस्त वही मिळणें हेंहि नीतीचेंच काम आहे, आणि हातकागदाच्या प्रेमानें त्याची वही महाग करणारा मनुष्य नीतिमान नव्हे. गिरण्या लागतील, मोठ्या लागतील, आणि त्यांना काडीहि लागेल, लाकूडहि लागेल. परंतु मूल्य आणि किंमत यांतला फरक येथें ध्यानांत घ्यावा. स्वस्त कागद स्वस्त असतो याचा अर्थ पुष्कळदां एवढाच असतो कीं, त्याची उरलेली किंमत दुसऱ्या कोणीतरी भरलेली असते: जमिनीनें, चुलीनें, नदीनें. हा हिशेब उघड मांडला तर वही थोडी महाग होईल. आणि मग तो भार मुलाच्या पाटीदप्तरावर टाकावयाचा कीं आपल्या जाहिरातींवर, लग्नपत्रिकांवर, न वाचतां फेंकल्या जाणाऱ्या अहवालांवर टाकावयाचा, हें ठरविणें आपल्या हातीं आहे. कागदाची तूट ही पुष्कळ अंशीं कागदाच्या उधळपट्टीची तूट आहे. गांधीजी आलेल्या पत्रांचे लिफाफे उलटून त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत, ही गोष्ट आपण कंजूषपणाची मौज म्हणून सांगतों. ती मौज नव्हती. त्या कोऱ्या बाजूवर अजून एकाचें काम शिल्लक आहे, हें त्यांना दिसत होतें, इतकेंच.

आणि ‘टिकाऊ’ शब्दाचें काय? लाकडाच्या लगद्यावर तुरटीची खळ देऊन छापलेलीं गेल्या शतकांतील आपलीं मासिकें आज ग्रंथालयांत उघडूं गेलें तर त्यांच्या कडा हातांत पापडासारख्या मोडतात. कागदांत राहिलेलें आम्ल आणि लिग्निन त्यांना आंतून पोखरीत असतें. त्यांच्याहून दोनशें वर्षें जुनी, चिंध्यांच्या कागदावरची पोथी मात्र अजून वळते, मोडत नाहीं. स्वस्ताईनें आपला लेखकवर्ग वाढविला, हें खरें. पण त्या लेखकांचे शब्द तिनें उसन्या आयुष्यावर ठेवले, हेंहि खरें. तथापि टिकाऊपणाचा मला अभिप्रेत असलेला अर्थ एवढाच नाहीं. कागद शंभर वर्षें टिकला आणि ज्या रानांतून तो आला तें पंचवीस वर्षांत नापीक झालें, तर त्याला टिकाऊ म्हणावें काय? कुमारप्पांच्या ग्रंथनामांत जो स्थायी हा अर्थ आहे, तो वस्तूच्या स्थायित्वाचा नसून संबंधांच्या स्थायित्वाचा आहे. काडी, जनावर, चूल, माती, कारागीर आणि वाचणारा, यांचें एकमेकांशीं जें देणेंघेणें आहे तें पुढच्या वर्षींहि चालूं शकेल काय, ही टिकाऊपणाची खरी कसोटी आहे.

आपण सुशिक्षित माणसें शेतीपासून दूर आहों, पण कागदापासून नाहीं. आपला सर्व संसार कागदावर उभा आहे; पदवी कागदाची, नोकरी कागदाची, मान कागदाचा. म्हणून रानांतल्या काडीचा प्रश्न हा शेतकऱ्याचा आणि कारखानदाराचा खाजगी प्रश्न आहे असें मानून आपणांस बाजूला सरकतां येणार नाहीं. पऱ्हाटीचा लगदा अवश्य व्हावा; बांधावर तिचा धूर होण्यापेक्षां तिच्यावर एखाद्या मुलीनें मुळाक्षरें गिरवावीं हें केव्हांहि चांगलें. फक्त तिला टाकाऊ म्हणून उचलूं नये. जमिनीचा, चुलीचा, गोठ्याचा आणि पाण्याचा वांटा चुकता केल्यावर जें उरेल, तें उरलेलें म्हणून नव्हे, तर मागून घेतलेलें म्हणून घ्यावें. मागून घेतलेल्या वस्तूवर मनुष्य काय लिहितो याचा तो आपोआप थोडा अधिक विचार करतो. आणि आपल्या काळांत जेवढें छापलें जातें त्यांतलें किती त्या विचाराच्या कसोटीला उतरेल, हें प्रत्येक लिहिणाऱ्यानें, प्रस्तुत लेखकासुद्धां, स्वतःस विचारून पाहावें.